गोगलगाय का थांबते

२ जानेवारी

ताई,

नमस्काराची ओळ तूच मनातल्या मनात म्हणून घे, मला सांगायची घाई झाली आहे. आपलं यंत्र, आपली गोगलगाय, पोचली. टेकडीखालच्या आपल्या बोगद्यात दिवे बंद करून या टोकाला सोडली, ना तार, ना कोणाचा हात, आणि चिखल, दगड, पडझड सगळं ओलांडून ती एकटी त्या टोकाला गेली. सोबतच्या पेनड्राइव्हवर फिल्म आहे. हे फोनवर सांगितलं असतं, पण तो आई उचलते, स्पीकरवर टाकते, आणि मग ‘गोगलगाय म्हणजे काय रे’ इथून सुरुवात करावी लागते.

सर खूश आहेत. शोधनिबंध लिहून झाला. त्यातलं एक अख्खं प्रकरण अशा गोष्टीवर आहे जी तू गेल्यावर दिसायला लागली. वाटेत तीन ठिकाणी ती आपणहून थांबते, जराशी मागेपुढे होते आणि मग निघते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. सर म्हणतात, पुढच्या वाटेची खात्री नसली की ती थांबून विचार करते. बाहेरून आलेले दोन प्राध्यापक ते बघून खुर्चीतून उठले होते.

मार्चमध्ये एका बंद पडलेल्या खाणीत बचावपथकासमोर तिला चालवून दाखवायचं आहे. त्यांना पटली तर यापुढे खाणीत काही घडलं की माणसांच्या आधी तिला आत पाठवतील. माझी पदवीही त्याच दिवसावर टांगलेली आहे.

आभारांमध्ये तुझं नाव पहिलं आहे. लेखकांमध्ये घालायचं का, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, तिने काम अर्धवट सोडलं ना.

गुडघा कसा आहे?

तुझा धाकटा


९ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन टाकते, पुढे रागाच्या भरात राहून जातील.

फिल्म पाहिली. आईनेही चष्मा पुसून पाहिली आणि म्हणाली, “चिखलात खेळायला याला एवढं शिकवलं का आपण?” मी मात्र पाच वेळा पाहिली आणि पाचव्या वेळी जेवण टाकून उठले.

काम मी अर्धवट सोडलं नाही. गुडघा त्या बोगद्यात फुटला, त्याच गुडघ्याने पुढे दोन वर्षं काम केलं, आणि ऑपरेशनला घरी आले तेव्हा ‘तुझी जागा आहेच’ असं सर म्हणाले होते. जागा होतीच. तू बसलास.

आता नीट वाच. पहिल्यांदा थांबते ती जागा, जिथे भिंतीला बसण्याजोगा कट्टा आहे. दुसरी, गंजक्या पाइपाजवळची. तिसरी, पडलेल्या सपाट शिळेची. त्या तिन्ही जागा माझ्या आहेत. गुडघा ठणकायला लागला की मी तिथे बसायचे. बोगद्यात ऊन नाही, वारा नाही, तिथला चिखल वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. फिल्म थांबवून बघ, माझ्या टाचांचे खड्डे आणि काठीची भोकं तुला दिसतील.

तिला शिकवलं कसं, ते तुला माहीत नाही, तू तेव्हा नव्हतास. मोजणीच्या पांढऱ्या काठ्या रोवत मी पुढे चालायचे आणि सर मागून तिला हाताने चालवत आणायचे. मी बरी जागा बघून पाय टाकायचे, सर तिला त्याच जागेवरून न्यायचे. मी बसले की तेही तिला थांबवायचे, आणि रुतू नये म्हणून जरा मागेपुढे करत राहायचे. ती हेच शिकली. दगड कुठे, खड्डा कुठे हे ती बघतच नाही. चिखल दबलेला दिसला की तिकडे जाते, आणि फार तुडवलेला दिसला की थांबते. तुम्ही आज तिला सोडता तेव्हाही आधी कोणीतरी काठ्या रोवून आलेलंच असतं, नाहीतर मोजणार कसं? कोऱ्या चिखलावर ती आजवर एकदाही चाललेली नाही.

ती विचार करत नाही रे. ती माझा गुडघा दुखतो म्हणून थांबते. सरांनी स्वतःच्या हाताने शिकवलं आणि स्वतःच विसरून त्यावर प्रकरण लिहिलं. हसावं की रडावं हे मला पाच दिवस कळलेलं नाही.

खाणीत पाणी शिरून ओसरलं की मागे काय राहतं? कोरा चिखल. तिथे ती दारातच उभी राहील, आणि बाहेर सगळे समजतील की पुढे जाण्यासारखं काही नाही. आत जिवंत माणसं असतील, धाकट्या.

चाचणी सोपी आहे. लांब फळी घे, चिखल सारखा करत उलटं बाहेर ये, काठ्या लावू नकोस, आणि मग सोड.

ताई


१७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या. सरांकडे जाऊन काय सांगू? माझ्या ताईचा गुडघा तुमच्या यंत्रात शिरलाय?

लहानपणापासून मी काही केलं की ते तू आधीच केलेलं असायचं. शाळेत मास्तर मला तुझा भाऊ म्हणून हाक मारायचे. इथे पहिल्यांदा असं काही घडलं जे तू केलेलं नव्हतंस, तर तेही तुझंच निघालं. बोगद्यात माणूस कुठेही बसू शकतो. तीन जागा जुळल्या म्हणून लगेच आरोप?

राग मानू नकोस, पण तुला माझं बरं बघवत नाही. आईलाही तसंच वाटतं. ती बोलत नाही एवढंच.

धाकटा


२४ जानेवारी

धाकट्या,

बघवत नाही, हे खरं आहे. तू लपवून लिहिलं असतंस तरी मला कळलं असतं, तेव्हा उघड लिहिलंस ते बरं झालं. आयत्या बिळावर नागोबा बसला की बीळ करणाऱ्या उंदराला जे वाटतं, तेच मला वाटतं. सकाळी व्यायामाला पाय उचलते तेव्हा वाटतं, भांडी घासते तेव्हा वाटतं. तुझी फिल्म लावताना तर ती कुठेतरी अडकावी अशी माझी इच्छा होती.

आता माझी जळजळ एका बाजूला ठेव आणि फळी घे. मी जळते म्हणून चिखल बदलत नाही.

आईला मी विचारलं. “तुम्ही दोघं मला मध्ये घेऊ नका,” एवढंच ती म्हणाली.

ताई


८ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या समाधानासाठी चाचणी केली. फळीने सगळा चिखल सारखा केला, काठ्या लावल्या नाहीत. गोगलगाय मजेत गेली. नेहमीच्या तिन्ही जागी नेहमीसारखी थांबली, विचार केला, पुढे निघाली. आता तरी निवांत झोप.

खाणीतला दिवस बारा मार्च ठरला. बचावपथकाचे प्रमुख येऊन बघून गेले. मोठा माणूस आहे, कमी बोलतो. तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “माझी दोन पोरं वाचली असती, ही असती तर.” त्याच्या पथकातली पोरं, मागच्या वर्षी शोध घेताना गेली. अशा माणसासमोर मी काय शंका काढू?

धाकटा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

चिखल सारखा केला होतास तर माझे खड्डेही बुजले असतील. मग ती त्याच तीन जागी थांबली कशी?

तू लहानपणीही खोटं बोलताना एक गोष्ट जास्तीची सांगायचास आणि तिथेच सापडायचास. चाचणी तू केलीस, याबद्दल मला शंका नाही. ती दारात उभी राहिली, आणि ते तू एकट्याने पाहिलंस.

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते माणसांबद्दल. यंत्र बिचारं जे शिकवलं ते करतं.

सरांना सांग. वर्ष जाईल, जाऊ दे. माझी चार गेली, मी मेले नाही. ज्याची दोन पोरं गेली त्याला असलं यंत्र देऊ नकोस. तू सांगणार नसशील तर मी सांगेन, पण तुझ्या तोंडून आलं तर तुझं काहीतरी शिल्लक राहील. बारा तारखेपर्यंत वाट बघते.

ताई


५ एप्रिल

ताई,

अक्षर बघून घाबरू नकोस, हात असाच चालतो आता. तू दवाखान्यात आलीस तेव्हा माझी शुद्ध येऊन जाऊन होती आणि आई शेजारून हलत नव्हती. तुला जे सांगायचं ते राहिलं. आता ती औषधं आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. मधेच शब्द सापडत नाहीत. काल चमच्याला काय म्हणतात ते आठवेना, बोटाने दाखवला.

तू बरोबर होतीस. फळीने सारखं केल्यावर ती दारातच उभी राहिली. मी ढकलली तरी परत मागे आली.

बारा तारखेला पथकाची माणसं नाश्त्याला बसली तेव्हा मी खाणीत शिरलो. कोणी विचारलं तर काठ्या लावायला जातोय म्हणणार होतो. तिच्यासाठी वाट तुडवून यायचं आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचं, एवढंच ठरवलं होतं. मग आठवलं, निबंधात थांबण्याचं प्रकरण आहे, प्रमुखांना तेच बघायचं होतं. म्हणून तू बसायचीस तसा बसत गेलो. टाचा रोवायच्या, काठीने भोकं पाडायची, आजूबाजूला तुडवायचं. ताई, तू तिथे दोन वर्षं कशी बसलीस गं?

दुसऱ्या जागेनंतर हवा तपासायचं यंत्र वाजायला लागलं. आवाज बाहेर जाईल म्हणून मी ते बंद केलं. तिसऱ्या जागी बसलो आणि खूप बरं वाटलं. उठायची गरजच वाटेना. पुढचं मला लोकांनी सांगितलं.

मी कुठे आहे असं कोणी विचारलं तेव्हा सर म्हणाले, चहा प्यायला गेला असेल, आपण सुरू करू. गोगलगाय माझ्या पावलांवरून छान गेली. पहिल्या जागी थांबली. पडद्यापुढे सर समजावत होते, बघा, विचार करतेय. दुसऱ्या जागी थांबली. पुन्हा तेच समजावलं. मी पुढे पडलो होतो आणि ती माझे खोटे गुडघे मोजत येत होती. त्या दोन थांब्यांत माझ्या डोक्यातलं काय काय गेलं ते डॉक्टरांना सांगता येत नाही. मग ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, पावलं तिथेच संपत होती ना. पडद्यावर माझा बूट दिसला.

पेपरात आलं आहे, यंत्राने माणूस शोधला. सर काल आले होते, फुलं घेऊन. म्हणाले, तू चाचणीसाठी स्वतःहून आत जाऊन पडला होतास असं लिहून दे. शूर विद्यार्थी. पदवी, दवाखान्याचा खर्च, नंतर पथकात तिच्यासोबत नोकरी, सगळं होईल. न दिलं तर परवानगीशिवाय खाणीत शिरल्याची चौकशी.

मी काय करू?

धाकटा


११ एप्रिल

धाकट्या,

तू जिवंत आहेस, हे मी रोज सकाळी एकदा मोठ्याने म्हणते. त्यानंतर दिवसभर तुझा राग करते.

लिहून देऊ नकोस. चौकशी होऊ दे. चौकशीत तू चुकलास असं निघेल, आणि तू चुकलाच आहेस. पण त्या कागदावर सही केलीस तर ती खोटी शोधक खऱ्या खाणीत जाईल, आणि आत माणसं अडकलेली असताना बाहेर कोणीतरी म्हणेल, थांबा, ती विचार करतेय.

वाट बघून मी एक जीव जवळजवळ घालवला, आता बघणार नाही. प्रमुखांना आज पत्र टाकलं आहे. काठ्या, टाचा, फळी, सगळं लिहिलं. तू आत कशाला गेलास ते लिहिलेलं नाही, ते तू सांगायचं आहेस. फळीची चाचणी त्यांनी स्वतः करावी, एवढंच मागितलं. त्यांनी तुला विचारलं तर हो म्हण. बाकी काही नको, नुसतं हो म्हण.

ताई


२ मे

ताई,

प्रमुख तुझं पत्र घेऊन आले होते. सर सोबत होते. आई पायाशी बसली होती.

प्रमुखांनी मला विचारलं, “तुझी बहीण म्हणते ते खरं का?” सर म्हणाले, बहिणीचं काम अर्धवट सुटलं, तिला वाईट वाटणं साहजिक आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, ताईला माझं बरं बघवत नाही.

प्रमुखांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, ज्या यंत्राने तुला बाहेर काढलं त्यावर मी चिखल फासून चाचणी घेणार नाही. सही मी त्यानंतर केली.

सरांचा निरोप आहे. तू परत ये, तुझा प्रबंध पुरा करून देतील, पुढच्या निबंधात लेखकांत नाव घालतील. विचार कर. मी हे तुझ्यासाठीही केलं असं समजलीस तर मला बरं वाटेल.

धाकटा


९ मे

पत्र मिळालं. समजणार नाही.

प्रमुखांना आणखी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. आई परत आल्यापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि बाजूला होते.

मला लिहू नकोस.


१८ जुलै

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो. फाडून टाकायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

पदवी मिळाली. जूनपासून मी बचावपथकात आहे, गोगलगायीसोबत. नवा नियम झाला होता, आधी ती जाणार, तिने माणूस दाखवला तरच पथक उतरणार. नियम प्रमुखांनी स्वतः केला, आपली पोरं पुन्हा जाऊ नयेत म्हणून.

परवा एका खाणीत पाणी शिरलं. ओसरलं तेव्हा तीन कामगार आत होते. आम्ही पोचलो. तिला तोंडाशी ठेवली. जिथवर पथकाचे बूट उमटले होते तिथवर ती गेली. पुढे सगळा चिखल गुळगुळीत, आरशासारखा. ती थांबली. जरा मागे आली, जरा पुढे गेली, परत थांबली. कामगारांच्या बायका दोरीपलीकडे उभ्या होत्या. त्यातली एक पुढे आली तर प्रमुखांनी हात वर केला आणि हळू आवाजात सांगितलं, “थांबा. ती विचार करतेय.”

तुझ्या पत्रातलं वाक्य मला जसंच्या तसं आठवलं. सगळे पडद्याकडे बघत राहिले. इतका वेळ गेला की कोणीतरी सगळ्यांना चहा आणून दिला. मलाही दिला. ताई, मी तो प्यायलो.

कप रिकामा झाल्यावर मी प्रमुखांकडे गेलो. म्हणालो, ती विचार करत नाही, तिला पुढे चालायला माणूस लागतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि प्राणवायूचा मुखवटा चढवला. चौघं उतरले. चिखलात पहिलं पाऊल त्यांचं पडलं आणि गोगलगाय लगेच त्यांच्या मागोमाग निघाली, शहाण्यासारखी. पडद्यावर मला नुसत्या त्यांच्या पाठी दिसत होत्या.

तिघं वरच्या कपारीत चढून बसले होते. दोघं जिवंत आले. तिसऱ्याच्या हातात दगड तसाच होता. तो पाइपावर ठोकत होता, आत्ता आत्तापर्यंत ठोकत होता, असं ते दोघं सांगत होते. आत्ता म्हणजे कधी, असं मी विचारलं नाही. दोरीपुढे आलेली ती बाई त्याचीच बायको होती.

संध्याकाळी प्रमुख माझ्या बाकावर येऊन बसले. चिखल त्यांच्या भुवयांपर्यंत वाळला होता. खिशातून तुझी तिन्ही पत्रं काढून त्यांनी मांडीवर ठेवली. दुसरं आणि तिसरं त्यांनी तोवर फोडलेलंही नव्हतं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, “हे तुला कधीपासून माहीत होतं?”

मला अजून साध्या वस्तूंची नावं आठवत नाहीत. आईचा फोन नंबर मी हातावर लिहून ठेवतो. पण त्याचं उत्तर लगेच आलं. मी म्हणालो, नऊ जानेवारी. त्यांनी विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? मी म्हणालो, माझ्या ताईने मला पत्र लिहिलं होतं.

धाकटा